सोसायटीच्या तीन पायऱ्या आणि पार्किंग नंबर सात

तीनपायरी | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. आज आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली आणि डोकं अजून तापलेलं आहे. एखादा शब्द वाकडा गेला तर सांभाळून घ्या.

मी ४७ वर्षांचा. अकराव्या महिन्यात पोलिओ झाला. डावा पाय पूर्ण गेला, उजवा अर्धा. कॅलिपर (पायाला आधार द्यायला बांधतात ती पट्ट्यांची चौकट) आणि कुबड्यांवर शाळा-कॉलेज केलं, मग अपंगांच्या तीन टक्के राखीव जागांतून बँकेत लागलो. (१९९५ च्या कायद्यात तीन टक्के होते, २०१६ च्या कायद्याने चार केले.) पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला २४ फ्लॅटची सोसायटी, इमारत २००३ ची, आम्ही २००६ पासून राहतो. लिफ्ट आहे. लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या आहेत.

या तीन पायऱ्या मी एकोणीस वर्षं चढलो. पद्धत ठरलेली. एक कुबडी वॉचमनच्या हातात द्यायची, डाव्या हाताने कठडा धरायचा, उजवा पाय वर टाकायचा, खांद्याच्या जोरावर अंग ओढायचं आणि कॅलिपरचा पाय मागून खेचून घ्यायचा. तीन पायऱ्यांना पाऊण मिनिट. पावसाळ्यात दीड, कारण बिल्डरने कोटा फरशी आरशासारखी पॉलिश करून बसवली आहे.

गेल्या दीड वर्षात खांदे संपले. डॉक्टर म्हणाले, पोलिओ झालेल्यांना तीस-चाळीस वर्षांनी असं होतं. जे स्नायू दुसऱ्यांचंही काम करत आले, तेच आधी थकतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला, पोलिओवाले अजून आहोत. तर आता व्हीलचेअर.

रोज सकाळी वॉचमन आणि गाड्या धुणारा पोरगा असे दोघे मला खुर्चीसकट उचलून खाली ठेवतात. संध्याकाळी दुसरा कुणी मिळेपर्यंत मी पायऱ्यांपाशी थांबतो. लिफ्ट समोर दिसत असते. एकदा पंचवीस मिनिटं थांबलो. त्या वेळात लिफ्ट सहा वेळा वरखाली गेली, मी मोजली.

म्हणून रॅम्पसाठी अर्ज दिला. पायरी १५ सेंमीची, तीन पायऱ्या म्हणजे ४५. उतार एकास बारा हवा, म्हणजे ५४० सेंमी, साडेपाच मीटरच्या आसपास. सरळ रेषेत आखला तर तो पार्किंग नंबर सातमधून जातो. तिथे आमच्या खजिनदारांची गाडी असते.

सभेत काय काय ऐकलं ते सांगतो.

"एवढी वर्षं चढत होतास की रे!"

"वॉचमन उचलतो ना? त्याला दिवाळीला जरा जास्त देऊ आपण."

"आज रॅम्प, उद्या कुणी म्हणेल मला गच्चीवर न्या."

आणि चेअरमनसाहेब: "तुमच्या जिद्दीबद्दल आम्हा सर्वांना आदरच आहे, पण नियम सगळ्यांना सारखे." या आदरापोटी एका तीन डिसेंबरला, अपंग दिनाला, शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला होता. याच पार्किंगमध्ये. खुर्च्या मांडायच्या म्हणून सात नंबरची गाडी तेव्हा बाहेर काढली होती.

विषय "पुढील सभेत विचारार्थ" ठेवला. पुढची वार्षिक सभा पुढच्या वर्षी.

कायदा नेमकं काय म्हणतो? कुणी जुन्या सोसायटीत रॅम्प करून घेतला आहे का?

चहाबाज | रविवार, रात्री ११:०५

वाचून वाईट वाटलं. तोपर्यंत अॅल्युमिनियमचा घडीचा रॅम्प मिळतो तो बघितलात का? माझ्या मावशीकडे आहे.

तीनपायरी | रविवार, रात्री ११:१८

@चहाबाज, आणला होता. सात फुटी. ४५ सेंमी उंचीला सात फूट म्हणजे एकास पाचपेक्षाही खडा चढ. एक-दोन पायऱ्यांना तो उत्तम आहे, आमच्याकडे मात्र वर ढकलणारा घामाघूम आणि उतरताना मी रामरक्षा म्हणतो.

काळाकोट | सोमवार, सकाळी ८:३२

वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर. सरळच सांगायचं तर कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण बोट ठेवून दाखवावं असं एकच एक कलम नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे, म्हणजे इमारत अपंगांनाही वापरता यावी यासाठीचे, नियम पाळले नसतील तर आस्थापनेला बांधकामाची परवानगीही मिळणार नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. आस्थापनेत खाजगी आस्थापना येते, आणि खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था हे शब्द स्वच्छ लिहिलेले आहेत. "सोसायटीला हा कायदा लागू नाही" असं कुणी म्हणालं तर व्याख्येचं पान पुढे करा. अडचण अशी की तुमची इमारत २००३ ची, परवानगीचा टप्पा कधीच उलटून गेलेला.

जुन्या इमारतींसाठी कलम ४५ आहे. नियम आल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. पण हे कलम सार्वजनिक इमारतींचं, जिथे सर्वसामान्य लोकांची ये-जा असते अशांचं. शाळा, दवाखाने, दुकानं, देवळं, स्टेशनं. राहती सोसायटी त्यात बसते का यावर समोरचा वकील दोन तास बोलू शकतो. मी त्याच्या जागी असते तर मीही बोलले असते.

तुमचं खरं हत्यार तिसरंच आहे. भेदभावाच्या व्याख्येतच "वाजवी सोय नाकारणं" हा भेदभाव धरलेला आहे. वाजवी म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येईल असा बदल. २४ फ्लॅटच्या सोसायटीला साडेपाच मीटरचा रॅम्प हा अवाजवी बोजा आहे का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर त्यांना लेखी द्यायला लावा. दाद मागायला दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यातच बसतात. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

आणि हे माहीत असू द्या: ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा "सक्ती" म्हणतो आणि नियम "मार्गदर्शक तत्त्वं" म्हणतो, असा तो घोळ होता. सक्तीचे निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नियम करा, असं केंद्राला सांगितलं.

पण लगेच नोटीस पाठवू नका. नोटीस गेली की सगळे एका बाजूला होतात. आधी मिस्त्रीकडून मोजमाप आणि नकाशा करून घ्या. माणसं "रॅम्प" या शब्दाला घाबरतात, कागदावरच्या रेषेला कमी घाबरतात.

माजी_सेक्रेटरी | सोमवार, सकाळी १०:१५

मी अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. राग मानू नका.

कमिटीवर बसलेला माणूस पगार घेत नाही. मेंटेनन्स थकवणारे सहा, गळतीच्या तक्रारी आठ, पाण्याचा टँकर, लिफ्टचा करार. त्यात पार्किंग हा विषय असा की सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. कुणाच्या पार्किंगला हात लावला की तो थेट उपनिबंधकाकडे जातो. म्हणून कमिटी प्रत्येक नवीन गोष्टीला आधी "नाही" म्हणते. दुष्टपणा म्हणून नाही, सवय म्हणून.

सवय म्हणूनच आम्हीही एकदा नाही म्हणालो होतो. २०११ ची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना पक्षाघात झाला होता, मुलाने रॅम्प मागितला. आम्ही दर्शनी भागाची शोभा जाईल असं उत्तर दिलं. लेखी दिलं, सही माझी होती. त्यानंतर त्या एकदाच खाली आल्या आणि तेव्हा रॅम्पची गरज नव्हती. मुलाने फ्लॅट विकला. आता तिथे राहणारे लोक जिन्याखाली बाळाची गाडी लावतात आणि विचारतात, इथे रॅम्प का नाही हो?

नवाताबा | सोमवार, सकाळी ११:४०

आमची इमारत तीन वर्षांपूर्वीची. नकाशात रॅम्प आहे, पूर्णत्वाचा दाखला घेताना जागेवरही होता. ताबा मिळाला तेव्हा त्याच्यावर सिमेंटच्या आठ कुंड्या होत्या, क्रोटनसकट. बिल्डरचा माणूस म्हणाला, लँडस्केपिंग.

रोखठोक | सोमवार, दुपारी १:०२

धागाकर्त्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण यातली खोटी प्रमाणपत्रं किती असतात यावरही कुणीतरी बोला. २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रकरणात काय काय बाहेर आलं ते सगळ्या देशाने पाहिलं. आमच्या ऑफिसातही एक "४० टक्के" अपंगत्ववाला आहे, रविवारी क्रिकेट खेळतो. आरक्षण, करसवलत, एसटीत ७५ टक्के सूट. सरकार देतं ते काय कमी आहे?

तीनपायरी | सोमवार, रात्री ९:२५

@रोखठोक, त्या प्रकरणाची किंमत कुणी मोजली ते सांगतो. नंतर आमच्याकडे फेरतपासणीचं पत्र आलं. प्रमाणपत्र १९९६ चं, नोकरी पंचवीस वर्षांची, तरी जाऊन बोर्डासमोर बसलो. पँट गुडघ्याच्या वर. कॅलिपरचे चार पट्टे सोडायचे, बूट काढायचा, पाय टेबलावर ठेवायचा. तरुण डॉक्टर होते, स्वभावाने चांगले. पायाकडे पाहून म्हणाले, "हे तर दिसतंच आहे, तुम्हाला कशाला बोलावलं?" मी म्हटलं, तुम्हीच लिहून द्या तसं. खोटं प्रमाणपत्र घेणाऱ्याला पकडा, जरूर पकडा. त्याने जागा पळवली ती आमच्यातल्याच कुणाची तरी आहे, तुमची नाही.

तुमच्या क्रिकेटवाल्याचं मला ठाऊक नाही. पण ४० टक्क्यांत एका हाताने किंवा रक्ताच्या आजाराने अधू असलेली माणसंही येतात. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातचे एकवीस प्रकार झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया त्यात आहेत. दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही.

आता सवलतीचं. एसटीत ७५ टक्के सूट आहे, खरं आहे. तिकीट पाव लागतं, पायरी मात्र पूर्ण चढावी लागते. आणि लाल गाडीची पहिली पायरी माझ्या मांडीपर्यंत येते. प्राप्तिकरात ७५ हजारांची वजावट मिळते, जास्त अपंगत्वाला सव्वा लाख, तीही जुनी कररचना घेतली तर. या सगळ्या गोष्टींना सरकारला फक्त एक कागद काढावा लागतो. पायरी मोडायला मिस्त्री लागतो. मला विचाराल तर एसटीची सूट काढून घ्या आणि खाली वाकणारी बस द्या. पूर्ण तिकीट काढून बसेन, खिडकीशी.

पांढरीकाठी | सोमवार, रात्री १०:५०

मी पूर्ण अंध, हे सगळं स्क्रीन रीडरवर ऐकतोय. (त्यात "नवाताबा" हे नाव "नवा तांबा" असं ऐकू येतं. माफ करा.)

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे सूचना व्हॉट्सअॅपवर येतात त्या कागदाचा फोटो काढून. फोन मला फक्त "प्रतिमा" एवढंच सांगतो. पाणी बंद असल्याचं मला अंघोळीला गेल्यावर कळतं. सेक्रेटरींना म्हटलं, टाईप करून टाका हो. ते म्हणाले, "अहो, लेटरहेडवर शिक्का असतो ना, तो दिसला पाहिजे." सरकारी खाती तरी काय वेगळं करतात? किती शासन निर्णय नुसते स्कॅन करून चढवलेले असतात. अंधांसाठीच्या योजनेचा निर्णय अंधाला वाचता येत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

फुटपाथवर त्या पिवळ्या उठावाच्या फरश्या बघितल्या असतील. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. आमच्या रस्त्यावर रेघा सरळ जाऊन एका विजेच्या डीपीच्या पेटीला टेकतात. ठिपके नाहीत. बसवणाऱ्याला त्या शोभेच्या वाटल्या असाव्यात.

आणि बँकेची केवायसी. कॅमेऱ्यासमोर "डोळ्यांची उघडझाप करा" म्हणतात. माझे दोन्ही डोळे कृत्रिम आहेत. यावर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणाले, केवायसीसाठी दुसरे मार्ग ठेवा म्हणाले. निकाल ऐकून फार बरं वाटलं. पुढच्याच आठवड्यात एका अॅपने मला पुन्हा पापण्या मिटायला सांगितल्या.

लेकाची_आई | मंगळवार, सकाळी ६:५५

रोज वाचते, लिहिते पहिल्यांदाच. मुलगा स्वमग्न आहे, सोळा वर्षांचा. तीनपायरी, तुमच्या दुःखाशी तुलना करत नाही, पण एक विचारू? तुम्हाला रॅम्प मागता तरी येतो. त्याला माप आहे, एकास बारा. माझ्या मुलासाठी मी कसला रॅम्प मागू?

त्याला लिफ्ट आवडते. सगळी बटणं ओळीने दाबतो आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की टाळी वाजवतो. पाच मजले, दोन मिनिटं. त्यावर सोसायटीने ठराव केला की "सोबत पालक असल्याशिवाय त्याने लिफ्ट वापरू नये." बाकीच्या मुलांना असा ठराव नाही. बागेत तो मोठ्याने ओरडला की दोन बायका आपापल्या नातींना उचलून घेतात. माझ्याशी कुणी वाईट वागत नाही. कुणी काही बोलतच नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा आहे, राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. कुणी केला असेल तर कागदपत्रांचं सांगा. वय वाढलं म्हणून आई परकी होते, हे मला अजून पचत नाही.

काळाकोट | मंगळवार, सकाळी ९:१०

@लेकाची_आई, व्यनि (खाजगी निरोप) करते. आणि त्या ठरावाची प्रत जपून ठेवा. एका मुलाचं नाव घालून केलेला ठराव हा माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात सरळ भेदभाव आहे, रॅम्पपेक्षाही.

माणदेशी | मंगळवार, दुपारी २:२०

शहरातलं वाचून हसू पण येतं आणि रडू पण. आमच्याकडे लिफ्टच नाही, त्यामुळे लिफ्टपर्यंतच्या पायऱ्याही नाहीत.

आमची आत्या, दोन्ही पाय नाहीत, हातात लाकडी ठोकळे घेऊन सरकते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा शासनाचा नियम आहे. एका वर्षी आमच्या गावात त्यातून स्टीलचे डबे वाटले. झाकणावर ग्रामपंचायतीचं नाव. आत्या म्हणाली, डब्यात भरायला काय देणार? पुढच्या वर्षी तिने स्वतः ग्रामसभेत अर्ज दिला, घरापासून नळापर्यंत सिमेंटची पट्टी करून द्या म्हणून. चाळीस फूट. ग्रामसेवक म्हणाले, ही वैयक्तिक लाभात बसत नाही आणि सार्वजनिक कामातही बसत नाही.

संजय गांधी निराधारचे दीड हजार मिळायचे, आता दिव्यांगांना अडीच हजार केलेत. त्याला उत्पन्नाची अट वर्षाला पन्नास हजार. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. घरात कुणी रोजंदारीला गेलं तरी ओलांडते. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. आत्या तलाठ्याला म्हणाली होती, मेले की सांगेन.

अभिमानाचं पण सांगतो. पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकणारा सचिन खिलारी आमच्या आटपाडी तालुक्याचा. आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला पोहण्यात सुवर्ण मिळवणारे मुरलीकांत पेटकरही सांगली जिल्ह्याचेच, पेठ इस्लामपूरचे. त्यांच्या नावाचे फलक लागतात तेव्हा आत्या विचारते, हे पदक ठेवायला उंच फळी करतात का रे? तिथवर हात पोचतो का त्यांचा?

सॅनहोजेकर | मंगळवार, रात्री ११:३०

इथे अमेरिकेत १९९० चा कायदा आहे. कुठलंही दुकान, हॉटेल, बस. व्हीलचेअर जाणार म्हणजे जाणारच. आपल्याकडे मानसिकताच नाही.

पांढरीकाठी | बुधवार, सकाळी ७:४५

@सॅनहोजेकर, तुमच्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत १९७७ च्या एप्रिलमध्ये अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसून तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसली होती, तेव्हा कुठे आधीच्या कायद्याचे नियम निघाले. मानसिकता आभाळातून पडली नाही तिथेही. आपल्याकडेही माणसं लढतात. मुंबईच्या फुटपाथवर खांब इतके जवळजवळ रोवले होते की व्हीलचेअर जाईना. एका व्हीलचेअर वापरणाऱ्याने पत्र लिहिलं आणि उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून त्याची जनहित याचिका करून घेतली.

शुद्धलेखनवाला | बुधवार, दुपारी १२:१०

अवांतर: धाग्यात कुणी "अपंग", कुणी "दिव्यांग" लिहितंय. शासनाने दिव्यांग हा शब्द केला आहे, तोच वापरावा. अपंग हा अपमानकारक आहे.

तीनपायरी | बुधवार, रात्री ८:५०

मला दोन्ही चालतात. दिव्यांग म्हटलं की माझ्या अंगात काहीतरी दिव्य असल्यासारखं वाटतं. तसं असतं तर तीन पायऱ्यांवरून उडालो नसतो का? शाळेत मला "लंगड्या" म्हणणारा एक मित्र होता, तो पाचवी ते दहावी रोज माझं दप्तर उचलायचा आणि ट्रिपला मला पाठीवर घेऊन सिंहगड चढला होता. चेअरमनसाहेब न चुकता "आपले दिव्यांग बंधू" म्हणतात.

बाकी नकाशाचं काम सुरू केलंय. काळाकोट, आभार.

तीनपायरी | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:०५

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

मिस्त्री आणून नकाशा केला. पहिली गोष्ट म्हणजे सरळ रेषेचा हट्ट सोडला. एल आकाराचा रॅम्प: खालचा टप्पा भिंतीलगत, मग वळायला दीड मीटर बाय दीड मीटरची सपाट जागा, मग दुसरा टप्पा लिफ्टच्या दिशेने. यात पार्किंग सातला धक्का लागत नाही. चार दुचाकी आणि सूचना फलक हलतात. फलक खाली येणार म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांच्या रेषेत येतो, ते वेगळंच.

अर्जासोबत नकाशा, खर्चाचा अंदाज आणि कायद्यातल्या व्याख्येचं पान जोडलं. "वाजवी सोय नाकारायची असल्यास कारण लेखी द्यावे" हे वाक्य काळाकोटनी सुचवलं होतं, ते शेवटी टाकलं. विशेष सभा लागली. बाजूने तेरा, विरोधात पाच, बाकीचे आलेच नाहीत. खजिनदार विरोधातच राहिले. त्यांच्या गाडीला काही होत नाही हे नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तरी म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे.

अट घातली: निम्मा खर्च मी करायचा. मी हो म्हणालो.

काळाकोट | रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन, पण निम्म्या खर्चाला हो म्हणायला नको होतं. लिफ्टचा खर्च तळमजल्यावालेही भरतात ना? सामाईक जागेतलं बांधकाम सामाईक खर्चातूनच व्हायला हवं. तुम्ही पायंडा पाडलात. पुढच्या माणसाला सोसायटी हेच दाखवणार.

तीनपायरी | रविवार, रात्री ९:४८

खरं आहे, आणि मला ते माहीत होतं. आयुक्तांकडे गेलो असतो तर कदाचित सगळा खर्च सोसायटीवर पडला असता. पण तारखा लागल्या असत्या, आणि मला सोमवारी सकाळी कामावर जायचं असतं. गाड्या धुणारा पोरगा नोकरी सोडून गावी गेला होता. ज्याच्याकडे निम्मे पैसे नाहीत त्याने काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही मला भांडा, चालेल.

लेकाची_आई | रविवार, रात्री १०:१०

खूप आनंद झाला. आमचाही ठराव मागे घेतला. काळाकोट यांनी एक पानी पत्र करून दिलं होतं. मागे घेतल्याचं फलकावर लावलं नाही, सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये हळूच सांगितलं. मुलगा तेव्हा चौथ्या मजल्याचं बटण दाबत होता.

पांढरीकाठी | रविवार, रात्री १०:२२

फलक खाली आलाय तर सूचना टाईप करूनही टाकायला सांगा आता. लोखंड तापलंय.

माजी_सेक्रेटरी | सोमवार, सकाळी ७:२०

नकाशाची प्रत मिळेल का? आणि कठड्याचं, फरशीचं काय ठेवलंत तेही लिहा. आमच्याकडे येत्या रविवारी सभा आहे. विषय मीच ठेवायला लावलाय. आमच्या पायऱ्या चार आहेत, म्हणजे ६० सेंमी, सव्वासात मीटर धरून चालू का?

तीनपायरी | सोमवार, सकाळी ८:०५

प्रत पाठवतो. कठडा दोन्ही बाजूंना, दोन उंचीवर, ७६ आणि ९० सेंमी. कडेला बारकी उभी पट्टी ठेवा, पुढची चाकं घसरत नाहीत. कोटा फरशी अजिबात नको. आम्ही खरखरीत काँक्रीटवर आडव्या रेघा मारून घेतल्या.

आणि चार पायऱ्या म्हणजे ६० असं धरू नका, पट्टी घेऊन मोजा. मीही पहिल्या पोस्टमध्ये ४५ लिहिलं होतं. मिस्त्रीने पातळी लावली तेव्हा मधली पायरी साडेसतरा निघाली. एकूण साडेसत्तेचाळीस, म्हणून रॅम्प पाच मीटर सत्तर झाला. एकोणीस वर्षं त्याच पायरीवर माझा तोल जायचा आणि मला वाटायचं, पायाचाच दोष.